एकवीस मिनिटं पुढे गेलेलं घड्याळ

घड्याळांच्या शौकिनांत ओमेगा स्पीडमास्टर या नावाला जो मान आहे, तो फार थोड्या क्रोनोग्राफच्या वाट्याला आला. वेळ दाखवणारं घड्याळ आणि स्टॉपवॉच एकाच मशीनमध्ये बसवलं की त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. १९५७ साली हे घड्याळ मोटारशर्यतींसाठी म्हणून बाजारात आलं, बारा वर्षांनी चंद्रावर पोचलं, आणि त्याच्या कीर्तीला आजवर ओहोटी लागलेली नाही. ती कीर्ती खरी किती, यावर डोंबिवलीतल्या एका घरात चाललेला मामा-भाचीचा वाद मी कित्येकदा ऐकला आहे. मामांचं स्टेशनजवळ घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. भाची ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका टेस्टिंग लॅबमध्ये नोकरीला आहे. यंत्रांचे भाग तापवायचे, गोठवायचे, हादरवायचे, हे तिचं रोजचं काम. मामा घड्याळ उघडून पारखतात, भाची ते मोडतं का हे बघून पारखते. म्हणून हा वाद ऐकण्यासारखा होतो.

भाची : मामा, तुझा आक्षेप नेमका कशाला आहे? घड्याळाला की किमतीला?

मामा : किंमत सोड गं. घेणारा आहे तोवर किंमत कितीही असते. माझा आक्षेप त्या गोष्टीला आहे, जी जो तो सांगत सुटतो. नासाची माणसं म्हणे गुपचूप दुकानात गेली, पैसे मोजून घड्याळ घेतलं आणि कंपनीला याचा पत्ताच नाही! असं कुठे असतं का?

भाची : ती गोष्ट खरी नाहीच. १९६४ साली नासाने घड्याळ कंपन्यांकडून रीतसर भाव मागवले होते आणि ओमेगाच्या अमेरिकेतल्या एजंटाने घड्याळं दिली होती. पण म्हणून पुढचं काही खोटं ठरत नाही. पुढचं तर मी रोज करते तेच आहे. जेम्स रेगन नावाच्या इंजिनिअरने ओमेगा, रोलेक्स आणि लाँजीन अशा तिघांची घड्याळं चाचणीला घेतली. ७१ अंश सेल्सिअसला ४८ तास, लगेच ९३ अंशाला अर्धा तास. मग उणे १८ अंशाला चार तास. ९५ टक्के दमट हवेत २४० तास, म्हणजे दहा दिवस. सहा दिशांनी ४० जीचे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चाळीसपट, धक्के, १३० डेसिबलचा आवाज, कंप, निर्वात. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी भागांचा यातल्या दुसऱ्याच पायरीवर निकाल लागतो.

मामा : आणि बाकीच्या दोघांचं काय झालं?

भाची : रोलेक्स दमट हवेत दोनदा बंद पडलं. मग उष्णतेत त्याचा सेकंदकाटा वाकला आणि दुसऱ्या काट्यांना अडकला. लाँजीनची काच उष्णतेने वाकून केसमधून सुटली. ओमेगा चालत राहिलं.

मामा : चालत राहिलं, ठीक. वेळ किती बरोबर दाखवली, तेही सांग ना.

भाची : हवेचा दाब काढून घेतात त्या चाचणीत २१ मिनिटं पुढे गेलं. प्रवेगाच्या चाचणीत १५ मिनिटं मागे पडलं. डायलवरचा अंधारात चमकणारा रंगही गेला.

मामा : एकवीस मिनिटं! अगं, कोणी दिवसाला दोन मिनिटं पुढे जाणारं घड्याळ आणलं तर ते बिघडलंय म्हणून मी ठेवून घेतो. एकवीस मिनिटांत फास्ट लोकल डोंबिवलीहून ठाण्याला पोचते. आणि हे पास?

भाची : हो, पास. ‘वेळ किती बरोबर’ हा एक प्रश्न आणि ‘असल्या हालांनंतर चालू आहे का’ हा दुसरा. बरोबर वेळ अंतराळवीराला पृथ्वीवरून सांगता येते. चावी ओढली, काटे फिरवले, लागलं घड्याळ. पण काटाच अडकून बसला तर लावायचं काय? १ मार्च १९६५ ला नासाने ते सगळ्या मानवी मोहिमांसाठी मंजूर केलं. त्याच महिन्यात ते जेमिनी ३ या यानातून गेलं, आणि जूनमध्ये अंतराळवीर एड व्हाइट यानाबाहेर तरंगला तेव्हा त्याच्या अंतराळपोशाखावर बांधलेलं होतं.

या मुद्द्यावर मी पूर्णपणे भाचीच्या बाजूचा आहे. ही एकवीस मिनिटं मला या साऱ्या कहाणीतली सर्वांत विश्वासाची गोष्ट वाटते. जाहिरातीसाठी रचलेल्या गोष्टीत घड्याळ सेकंदभरही चुकलं नसतं. चाचणी घेणाऱ्याने जे दिसलं ते लिहून ठेवलं आणि तरीही पास केलं, म्हणजे कशाची गरज आहे हे त्याला आधीच नीट ठाऊक होतं.

मामा मात्र असे हार मानणारे नव्हेत.

मामा : पास झालं ते मशीन तरी ओमेगाचं होतं का? ते लेमानिया या मशीन बनवणाऱ्या कंपनीचं. अल्बर्ट पिगेने १९४० च्या दशकात बांधलेलं. तेच मूळ मशीन घेऊन, घासूनपुसून, पाटेक फिलिपनेही आपल्या घड्याळांत बसवलं. डायलवर नाव ओमेगाचं आणि आत डोकं लेमानियाचं.

भाची : ओमेगा आणि लेमानिया १९३२ पासून एकाच समूहात होते, मामा. शिवाय स्वित्झर्लंडमध्ये मशीन एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, ही रीतच होती.

मामा : असेल. मग १९६८ चं बोलू. तोवर आत खांबांचं चाक होतं. स्टॉपवॉच सुरू कर, थांबव, शून्यावर आण, हे सगळे हुकूम त्या एका चाकावरून सुटायचे. करायला अवघड, महाग, पण चालायला लोण्यासारखं. ते काढून त्यांनी साधा खाचांचा पत्रा बसवला. मशीनला नाव दिलं ८६१. स्वस्त आणि पटकन होणारं. म्हणजे चंद्रावर पाय पडायच्या आधीच मशीन उतरतं केलेलं!

भाची : पण चंद्रावर गेलेल्या घड्याळात खांबांच्या चाकाचं जुनंच मशीन होतं, ३२१. आणि ८६१ मध्ये बिघडण्यासारखं कमी आहे, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस.

मामा : सांगितलं होतं, नाही म्हणत नाही. टणक आहे. पण आता हे बघ.

मामांच्या टेबलावर तेव्हा गिऱ्हाइकाचं सर्व्हिसिंगला आलेलं १९७० च्या दशकातलं स्पीडमास्टर होतं. त्याच्या शेजारी त्यांनी स्वतःचं सिको ठेवलं, पिवळ्या डायलचं, ६१३९ मशीनचं. आधी स्पीडमास्टरचं वरचं बटण दाबलं. मधला लांब काटा सुटताना किंचित थरकला, जागेवरून अर्धी रेघ उडी मारल्यासारखा, आणि मग नीट चालू लागला. सिकोचं बटण दाबलं, तर काटा जणू आधीपासून चालतच होता, इतका अलगद निघाला. मामांनी तीन-चार वेळा दोन्हीकडे तेच करून दाखवलं. ओमेगात सुरू करताना एक चाक आडवं सरकून दुसऱ्याच्या दात्यांत शिरतं. दात दाताला भिडला की काटा थरकतो. सिकोत तबकड्या वरून खाली येऊन एकमेकींना पकडतात, त्यामुळे दाताला दात भिडण्याचा प्रश्नच येत नाही.

मामा : हे १९६९ चं सिको. खांबांचं चाक आहे, उभा क्लच आहे, वर ऑटोमॅटिक. रोज चावी द्यायला नको. आपल्याकडे आयातीवर बंदी होती तेव्हा ही घड्याळं कोणाच्या तरी मनगटावर गल्फमधून यायची, नाहीतर बंदरातून चोरवाटेने. आणि अंतराळाचंच म्हणशील तर १९७३ च्या नोव्हेंबरात अंतराळवीर विल्यम पोग असलंच सिको घेऊन स्कायलॅब या अंतराळस्थानकावर गेला. परवानगी नव्हती, तरी नेलं. ८४ दिवस राहिला. कसली चाचणी नाही, कसला कागद नाही. चाललं की नाही?

भाची : चाललं. पण ते यानाच्या आत, शर्टाच्या बाहीत. बाहेरच्या निर्वातात नाही. आणि एक चाललं म्हणून दहा चालतील, असं आमच्याकडे कोणी म्हणालं तर त्याला घरी पाठवतील.

मामा : मग तुझ्या ओमेगाचंही बोल. अपोलो १५ ला डेव्ह स्कॉटच्या स्पीडमास्टरची काच चंद्रावरच निघून पडली. तिसऱ्या वेळी बाहेर जाताना त्याने स्वतःबरोबर नेलेलं बुलोव्हा बांधलं. ते बुलोव्हा २०१५ साली लिलावात सोळा लाख डॉलरच्या वर गेलं.

भाची : गेली काच, खरं आहे. प्लास्टिकची काच होती; फुटून तुकडे हवेत तरंगू नयेत म्हणून मुद्दाम तशी ठेवलेली. ती निघाली, पण फुटली नाही. आणि मामा, अपोलो १३ विसरू नकोस. एप्रिल १९७०. यान वाटेतच बिघडलेलं, वीज वाचवायला मार्गदर्शनाचा संगणक बंद, यानात कडाक्याची थंडी, आणि परतीची वाट सुधारण्यासाठी इंजिन चौदा सेकंद चालवायचं. त्याहून कमी नको, जास्त नको. जॅक स्विगर्टने ते मनगटावरच्या स्पीडमास्टरवर मोजलं.

मामा : चौदा सेकंद माझं सिकोही मोजेल. शाळेतल्या पीटीच्या सरांचं स्टॉपवॉचही मोजेल.

भाची : मोजेल ना. पण त्या दिवशी ते तिथे असेल आणि चालू असेल, याची खात्री कोणी केली होती? परवा तुझं सिको घालून मी लोकलच्या खिडकीत बसले होते. रुळांशेजारचा किलोमीटरचा दगड आला, बटण दाबलं. पुढचा आला, थांबवलं. काटा ४५ सेकंदांवर, आणि कड्यावर त्याच्या समोर आकडा ८०. ताशी ८० किलोमीटर. ठाणं येईपर्यंत तेच करत बसले, शेजारच्या बाईही माझ्याबरोबर दगड मोजायला लागल्या. मजा आली. पण एखादा दगड चुकला असता तर माझं काहीच बिघडत नव्हतं. शिवाय वेगाचे आकडे डायलवरून काढून बाहेरच्या कड्यावर न्यायचे, ही कल्पनाही स्पीडमास्टरचीच, १९५७ ची. त्यामुळे डायल मोकळं झालं. गोठलेल्या बोटांनी, काळोखात, हेल्मेटमधून बघताना ते मोकळेपण कामाला येतं.

यावर मामा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी जो विषय काढला, त्यासाठीच खरं तर हा वाद लिहून काढावासा वाटला.

मामा : तू कामाचं बोलतेस, ते मला मान्य आहे. पण लोक कामाचे पैसे देत नाहीत, कीर्तीचे देतात. आणि कीर्ती वाढली की काय होतं, ते आमच्या धंद्याने पाहिलंय. आपल्याकडे पावसाळ्यात घड्याळात ओल शिरते. डायलवर आधी ठिपके येतात, मग डाग, मग काळा रंग करपल्यासारखा तपकिरी पडतो. माणसं घेऊन यायची, वडिलांचं घड्याळ आहे, लग्नात सासऱ्यांनी दिलेलं, फेवर ल्युबा नाहीतर वेस्ट एंड, नव्यासारखं करून द्या. आम्ही डायल मुंबईला रंगवायला पाठवायचो. जुना रंग घासून काढायचा, नवा चढवायचा, वर अक्षरं छापायची. त्यात फसवणूक नव्हती. गिऱ्हाइकाला सगळं ठाऊक असायचं. पुढे तीच कला भलत्या कामाला लागली. मेलेल्या घड्याळांची मशीनं घ्यायची, मिळेल ती केस, मिळतील ते काटे, कंपनीने कधी काढलीच नाहीत अशा नारिंगी-जांभळ्या रंगांची डायलं, आणि इंटरनेटवरून परदेशी शौकिनाला ‘जुनं स्विस’ म्हणून विकायचं. तिकडे त्याला नावच पडलंय, ‘मुंबई स्पेशल’.

भाची : तू कसं ओळखतोस?

मामा : भिंग लावलं की ओळखू येतं. कंपनीच्या छपाईत अक्षराची कड धारदार असते, शाई जराशी उठून असते. रंगवलेल्यावर ती पसरते, ‘एस’चं पोट भरून जातं. मिनिटांच्या रेघा आणि तासाच्या खुणा समोरासमोर येत नाहीत, बारापाशी जुळल्या तर पाचपाशी चुकतात. सहाच्या खाली ‘स्विस मेड’ एकतर नसतं किंवा तिरकं असतं. सगळं बरोबर असलं तरी मशीन उघडलं की कळतं, एका घड्याळात तीन घरांचे पाहुणे बसलेत.

भाची : पण याचा स्पीडमास्टरशी काय संबंध?

मामा : सांगतो. नोव्हेंबर २०२१, जिनिव्हा, फिलिप्सचा लिलाव. १९५७ चं, पहिल्या पिढीचं स्पीडमास्टर. ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं, आपले त्या वेळचे सुमारे पंचवीस कोटी. आणि त्याची थोरवी कशात? डायल तपकिरी पडलेलं! तिकडे त्याला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात, म्हणजे उष्ण प्रदेशातलं. आपण डाग म्हणून घासून टाकायचो, त्याचे तिथे कोटी. मग २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं, की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांतून जुळवलेलं आहे आणि त्यात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात आहे. विकत घेतलं होतं कोणी? ओमेगानेच, स्वतःच्या संग्रहालयासाठी. आता बोल. मुंबईत एखादा कारागीर पोटासाठी करतो ते ‘स्पेशल’, आणि जिनिव्हात झालं ते?

भाची : दोन्ही खोटंच. पण मामा, तुझ्या या उदाहरणातून माझंच म्हणणं पुढे सरकतं. १९५७ चं ते पहिल्या पिढीचं मॉडेल नासाच्या चाचणीत नव्हतंच. १९६२ मध्ये अंतराळवीर वॉली शिर्राने पदरचे पैसे घालून घेतलेलं घड्याळ अंतराळात नेलं, ते दुसऱ्या पिढीचं. रेगनने तापवलं-गोठवलं ते त्याच्याही पुढचं. म्हणजे कोट्यवधी मोजले गेले ते ज्याचा अंतराळाशी संबंध सर्वांत कमी त्याला. आणि ज्याची किंमत कितीही लावली तरी मी हरकत घेणार नाही, ते तर हरवलंय. आर्मस्ट्राँगने आपलं घड्याळ चांद्रयानात ठेवलं होतं, कारण तिथलं वेळ मोजणारं उपकरण बंद पडलं होतं. म्हणून चंद्रावर पहिल्यांदा उतरलं ते ऑल्ड्रिनचं. ते संग्रहालयाकडे पाठवताना वाटेत गेलं, ते गेलंच. काम त्या घड्याळांनी केलं. बाजाराने ती कीर्ती भलत्यांच्या अंगावर घातली, त्याचा दोष घड्याळाला का द्यायचा?

मामांनी याला उत्तर दिलं नाही, पण विषय सोडलाही नाही. बोलणं रोलेक्सच्या डेटोनाकडे वळलं. १९६३ साली आलेलं ते घड्याळ सुरुवातीला दुकानांत पडून राहायचं. अभिनेता पॉल न्यूमनच्या मनगटावरचं डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कला एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलरला गेलं. यात मामांना रस नव्हता. त्यांना रस होता शार्ल व्हेर्मोमध्ये. १९७५ साली बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्‌झ घड्याळांच्या लाटेत झेनिथच्या अमेरिकन मालकांनी यांत्रिक घड्याळं बंद करून साचे, हत्यारं भंगारात काढायचा हुकूम दिला. व्हेर्मो तिथला कामगार. त्याने एल प्रिमेरो या क्रोनोग्राफ मशीनची हत्यारं आणि आराखडे ल लोक्लच्या कारखान्याच्या पोटमाळ्यावर लपवून ठेवले. त्यामुळेच ते मशीन पुढे पुन्हा बनू शकलं आणि १९८८ पासून बारा वर्षं तेच, थोडं बदलून, डेटोनात धावत होतं. ‘त्या माणसाचं नाव कुठल्या डायलवर आहे का?’ हे विचारताना मामांचा आवाज चढला होता. त्यांचं दुखणं तिथे आहे, आणि मला ते रास्त वाटतं. घड्याळांवरच्या चकचकीत पुस्तकांत नट, शर्यतपटू, अंतराळवीर सगळे असतात; टेबलामागच्या माणसाला त्यात क्वचितच पानभर जागा मिळते.

भाची : बरं, जुनं सोड. आजचं स्पीडमास्टर बघ. २०२१ पासून त्यात ३८६१ मशीन आहे. मेटास ही स्विस सरकारची मापनसंस्था आहे, तिच्या चाचण्यांतून प्रत्येक घड्याळ जातं. १५,००० गॉसच्या चुंबकापुढेही चालतं, दिवसाला पाच सेकंदांपेक्षा जास्त पुढे जात नाही आणि मागे तर मुळीच पडत नाही. एकवीस मिनिटांवरून पाच सेकंद. आता तरी?

मामा : चुंबकाला दाद देत नाही, कारण घड्याळाची लय सांभाळणारी हेअरस्प्रिंग सिलिकॉनची आहे, बरोबर?

भाची : बरोबर.

मामा : जुन्या ८६१ ची हेअरस्प्रिंग धातूची. घड्याळ पडलं, स्प्रिंगचं वेटोळं बिघडलं, तर मी दोन चिमटे घेऊन बसतो, दुपार जाते, पण वळण परत आणतो. चाकाचा दांडा तुटला तर लेथवर नवा काढता येतो. सिलिकॉन वाकत नाही. काचेसारखं असतं, गेलं की गेलं. ते कोण बनवून देणार? मोठ्या स्विस कंपन्या बाहेरच्या कारागिराला सुटे भाग देणं बंद करत चालल्यात. तुझ्या वागळे इस्टेटमध्ये होईल का ते?

भाची : नाही होणार. कंपनीकडे पाठवावं लागेल.

मामा : आणि पन्नास वर्षांनी कंपनी म्हणाली, या मॉडेलचे भाग संपले, तर?

भाची : तर ते बंद पडेल. पन्नास वर्षांनंतरच्या दुरुस्तीची चाचणी नासाने घेतली नव्हती, मेटासही घेत नाही.

मामा : म्हणून सांगतो, घ्यायचंच असेल तर २०२१ च्या आधीचं बघ, १८६१ मशीनचं. ८६१ चाच वंश आहे. चावी दिली की दोन दिवस चालतं, आणि उघडून नीट करता येतं. पॉलिश मारून कडा गोल केलेलं घेऊ नकोस. आणि विकणारा मागचं झाकण उघडून दाखवायला तयार नसेल तर पैसे देऊ नकोस. त्याला म्हण, डोंबिवलीला ये, मी भिंग घेऊन बसलोय.